वाळा न घेता सुटलेली गाडी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. पंखा फिरतोय, पण वारा काही माझ्यापर्यंत पोचत नाही. मी दिवाणावर आडवी झालेय, डोळे मिटलेत, आणि तरी हॉलमधलं सगळं मला दिसतंय. प्लायवूडच्या लांबलचक फळ्या, त्यांच्यावर पल्यानं बसवलेले रूळ, ह्या टोकाला कुसुंबे, त्या टोकाला देवसरी. ह्याच दिवाणावर तो माघ महिन्यात दुपारचा झोपला आणि उठलाच नाही. मी चहा घेऊन आले, हाका मारल्या, चिडले, पांघरूण ओढलं. तो चहा नंतर कोणी ओतून टाकला, मला आठवत नाही.

पल्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, प्रल्हाद. लग्नाच्या फंदात पडला नाही, आणि माझे यजमान गेल्यावर मला इथे भुसावळला घेऊन आला. आमचे अप्पा कुसुंब्याचे स्टेशनमास्तर होते. छोटी लाइन, दिवसाकाठी एक गाडी जायची नि तीच परत यायची. पुढे ती लाइन बंद पडली, रूळसुद्धा उखडून नेले. पण पल्याच्या डोक्यातून काही उखडले गेले नाहीत. रिटायर झाल्याबरोबर ह्या बाबानं जेवणाचं टेबल विकलं आणि हॉलमध्ये अख्खी लाइन उभी केली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायचो. मी बोलबोल बोलायचे, तो ऐकायचा नाही.

आज त्या लाइनला शंभर वर्षं पूर्ण होतायत. खऱ्या लाइनवर गवत आहे, तिथं कोण हार घालणार? म्हणून शंभरी आपल्या हॉलमध्येच करायची, असं त्यानं वर्षभर आधीच ठरवलेलं. इंजिनाला हार, नारळ, पेढे, आणि मग गाडी कुसुंब्याहून सोडायची. पाच वाजता माणसं येतील. मघाशी शेजारच्या ढाकेवहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना सरळ थाप मारली, "इंजिन बिघडलंय हो. बहुतेक रद्दच करावं लागणार." इंजिनाला काहीएक झालेलं नाही. मलाच गाडी सोडायची नाहीये.

कारण गाडी सोडायची तर वाळा द्यावा लागतो.

एकेरी लाइनवर ड्रायव्हरला गोळा लागतो. लोखंडाचा गोळा, चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताचं मोठं कडं. स्टेशनमास्तरनं तो हातात दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पुढच्या स्टेशनला पोचला की तिथं जमा करायचा. गोळा नाही, तर पुढचं स्टेशन गाडीला आत घेत नाही, बाहेरच्या सिग्नलला उभी करून ठेवतं. लहानपणी आम्ही गाडीगाडी खेळायचो, तेव्हा मी थोरली म्हणून कायम स्टेशनमास्तर आणि पल्या ड्रायव्हर. गोळा म्हणून त्याचाच बारशातला चांदीचा वाळा घ्यायचो. मी मुद्दाम द्यायचे नाही. तो रडकुंडीला येऊन म्हणायचा, "अक्का, दे ना गं, गाडी लेट होतेय." म्हातारे झालो तरी हॉलमधल्या लाइनवर तोच नियम नि तोच वाळा. कुसुंब्याच्या खिळ्यावरून मी काढून द्यायचा, गाडी पोचली की त्यानं देवसरीच्या खिळ्याला अडकवायचा.

तो गेला त्या दिवसापासून वाळा माझ्या पदराच्या गाठीत आहे. आताही मुठीत धरूनच पडलेय. पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

"अक्का, हार डब्याला घालतात होय?"

मी डोळे उघडत नाही. उघडायची गरज नाही, पल्या मला दिसतोच आहे. हॉलमध्ये उकिडवा बसलाय, चष्मा कपाळावर, अंगात तोच विटका बनियन. मी सकाळी दोऱ्यात ओवलेला अबोलीचा इवलासा हार दोन बोटांनी उचलून बघतोय.

"चिमणीवर राहत नव्हता," मी म्हणते. "घसरत होता."

"म्हणून शेवटच्या डब्याला? पाठमोऱ्या नवरदेवाला हार घातल्यासारखं?"

"स्वतः करायचं होतं मग. मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

तो हसतो. तसाच, खांदे हलवत, आवाज न करता. मला इतकं बरं वाटतं की मी उठून बसते आणि पाय खाली सोडते, तर पायाखाली फरशी नाही, खडी आहे. उन्हानं तापलेली. खिडकीचे गज आहेत, पण त्यांच्यामागे आमची गल्ली नाही, तिकीटघर आहे आणि आत अप्पांची टोपी खुंटीला लटकतेय. हा कुसुंब्याचा फलाट. कडुलिंबाखाली रांजण, रांजणावर उपडं ठेवलेलं भांडं. सगळं अगदी होतं तसं, फक्त वर आमचा पंखा फिरतोय.

"मोठं केलंस की रे," मी म्हणते.

"मी नाही केलं. तू लहान झालीस."

माझ्या अंगात साडीच आहे, पण पाय अनवाणी आहेत नि फलाट मला उंच वाटतोय. गाडी उभी आहे. खरी, काळी, वाफ सोडणारी. शेवटच्या डब्याला माझा अबोलीचा हार, आता हातभर लांब झालेला. फलाटाच्या पार टोकाला एक माणूस पाठमोरा उभा आहे. पांढरा कोट, काखेत गुंडाळलेली झेंडी. मान किंचित डावीकडे कललेली.

"अप्पा," माझ्या तोंडातून निघतं. "पल्या, अरे अप्पा! बोलव ना त्यांना."

"ड्युटीवर आहेत. गाडी फलाटाला असताना हाक मारायची नाही, विसरलीस?"

विसरेन कशी. पण अप्पांकडून माझी नजर हलत नाही. एकदा वळले असते तर काय बिघडलं असतं?

"चहा देशील?" पल्या विचारतो.

आणि आम्ही स्वयंपाकघरात आहोत, जमिनीवर, आमच्या नेहमीच्या जागी, मधे दोन कप. बाहेर इंजिन फुसफुसतंय. कपात चहा आहे, पण वाफ नाही. मला कळतं तो कुठला चहा आहे.

"थंड झालाय," मी म्हणते. "किती हाका मारल्या तुला."

"ऐकू आल्या."

"आल्या? मग ओ द्यायला काय झालं होतं? जीव गेला माझा हाका मारून. शेजारपाजारचे धावत आले, तरी हा आपला पडून!" माझा आवाज चढतो. चढणारच. इतक्या महिन्यांचा आहे तो. "न सांगता गेलास. साधं 'अक्का, येतो' म्हणाला नाहीस. आणि वाळा? मला सांग, वाळा न घेता गाडी काढलीस कशी? अप्पांचा मुलगा ना तू?"

पल्या कपाकडे बघत राहतो. चष्मा आता नाकावर आहे आणि काचांवर धुराची पुटं.

"म्हणून तर अडकलोय, अक्का."

"कुठं?"

"देवसरीच्या बाहेरच्या सिग्नलला. स्टेशन दिसतं. दिवे दिसतात. आई फलाटावर डबा घेऊन बसलीय, ते पण दिसतं. पण घेत नाहीत आत. गोळा कुठंय म्हणतात." तो कप खाली ठेवतो. "माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे."

माझा हात आपोआप पदराकडे जातो. गाठ आहे. गाठीत वाळा आहे, कडक, गोल.

"नाही देणार जा," मी म्हणते.

लहानपणी म्हणायचे तसंच म्हणते. पण तेव्हा तो रडायचा. आता तो नुसता बघतो आणि रडायला मी लागते.

"नाही देत मी. उभा राहा तिथंच. दिसतोय ना तुला फलाट, मग बसून राहा बघत. मी काय करू इथं? सकाळी दोन कप ओततेय अजून. भाजी उरते. ते रूळ पुसायला घेतले तर तुझ्यासारखं जमत नाही मला. हार सुद्धा चुकीच्या जागी घातला. मला तू हवायस, पल्या. शंभरी नको नि काही नको."

"माहितेय गं."

"माहितेय तर थांब ना!"

"थांबलोच आहे की." तो हळूच म्हणतो. "तू गाठ सोडेस्तोवर थांबलोय. पाय भरून आलेत, अक्का. आणि मागची गाडी माझ्यामुळं खोळंबलीय. त्या हॉलमधली. लोक येतील पाचला, तू त्यांना काय सांगणार? इंजिन बिघडलंय?"

"सांगितलंय तसंच."

"माझं इंजिन? बिघडलंय?" त्याला खरोखर राग येतो. "दर रविवारी तेल घालतो मी त्याला!"

मला रडता रडता हसू फुटतं. नाक पुसायला पदर उचलते आणि स्वयंपाकघर राहिलेलं नसतं. मी फलाटाच्या कडेला उभी आहे. इंजिनाच्या दारात पल्या. बनियनवर काळा कोट, तोंडाला काजळी. तो बाहेर वाकलाय, आणि डावा हात कोपरात वाकवून पुढे केलाय, कडं झेलायला ड्रायव्हर करतात तसा. अप्पांनी झेंडी उलगडलीय. हिरवी. अजून पाठमोरेच आहेत.

"अक्का, दे ना गं," पल्या म्हणतो. "गाडी लेट होतेय."

गाठ घट्ट बसलीय. नखांनी सुटत नाही, दातांनी ओढते. मनात येतं, सुटूच नये. सुटते. वाळा तळहातावर पडतो, इतका लहान. हा ह्याच्या पायात बसायचा. मी कडेवर घेऊन फिरायचे, तेव्हा माझ्या कमरेला टोचायचा. आई म्हणायची, सांभाळ गं त्याला.

"पोचल्याचं कसं कळेल मला?" मी ओरडते, कारण गाडी हललीय.

"नेहमीसारखं! देवसरीला लावीन!"

मी दोन पावलं पळते आणि हात वर करते. त्याचा हात वाळ्यातून जात नाही, तो मूठ करून घेतो. क्षणभर त्याची बोटं माझ्या बोटांवर असतात. गरम आहेत. मग हात रिकामा होतो, आणि एकामागून एक डबे माझ्यासमोरून जातात, शेवटचा, हारवाला. अप्पा झेंडी गुंडाळतात. आता वळतील, मी वाट बघते, आता वळतील.

बेल वाजतेय.

पंखा. दिवाण. दारावर कुणीतरी बेलवर बोट ठेवून उभं आहे आणि ढाकेवहिनींचा आवाज येतोय, "विजूताई! झोपलात का हो? सगळे जमलेत खाली, काय सांगू त्यांना?"

मी उठते. गाल ओले आहेत, पदर चुरगळलाय. टोक चाचपते. गाठ सुटलेली, आत काही नाही. दिवाणावर बघते, उशीखाली बघते, खाली वाकून बघते. मग उभी राहते आणि मला बघवत नाही, तरी त्या टोकाकडे बघते.

कुसुंब्याला गाडी आहे तिथंच आहे, शेवटच्या डब्याला हार तसाच. देवसरीच्या खिळ्याला वाळा लटकतोय.

मी भिंतीच्या आधारानं तिथवर जाते. वाळ्याला हात लावते तर बोटाला काळं लागतं. चांदी काळी पडते तसलं नाही, पुसलं की निघणारं, वास येणारं, कोळशाचं. आमच्या हॉलमधलं इंजिन विजेवर चालतं. ह्या घरात कोळशाचा खडा नाही.

"पोचलास रे बाबा," मी म्हणते.

वाळा तिथून काढत नाही. हातातली बांगडी उतरवते, मनगट सुजलंय म्हणून जरा ओढावी लागते, आणि कुसुंब्याच्या खिळ्याला अडकवते. आजच्या गाडीला ही चालेल. अबोलीचा हार डब्यावरून काढून इंजिनाच्या चिमणीला घालते. ह्या वेळी घसरत नाही.

"विजूताई!"

"आले, आले," मी म्हणते आणि काळं बोट पदरात लपवून दार उघडते. "या सगळ्यांना घेऊन वर. इंजिन चालतंय."