पन्नीतला हात

गाडी समोर आणून उभी केली तरी खेमराज आधी तिच्याकडे नीट बघत नाही. खिशातून पातळ प्लास्टिकची पन्नी काढतो, उजव्या हातावर चढवतो आणि बॉनेटवरून बोटं फिरवतो. उघड्या हाताला जो बारीक कचरा कळत नाही तो पन्नीतून कळतो, हे त्याचं शास्त्र. आमच्या गोंदियात राइस मिलच्या धुराड्यांतून कोंड्याची राख उडते, रेल्वेकडून लोखंडाची भुकटी येते, आणि दोन्ही पेंटमध्ये रुतून बसतात. नुसत्या धुण्याने त्या निघत नाहीत. मग खेमराज चिकट मातीची वडी कणकेसारखी मळतो, साबणाचं पाणी मारत ती पेंटवरून सरकवतो. पन्नीतल्या बोटांना कुठेच काही अडेनासं झालं, की मगच वॅक्सचा डबा उघडतो. त्याआधी गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी तो ऐकत नाही.

बालाघाट रोडवरच्या टिनाच्या शेडखाली बावीस वर्षं त्याचं हे चाललंय. मी रोज सौंदडच्या शाळेत गाडीने ये-जा करणारा मास्तर. माझी पांढरी गाडी दर दिवाळीआधी त्याच्याकडेच असते.

या वर्षी गाडी घरी आणली आणि चार दिवसांनी सहज हात फिरवला, तर बॉनेट खरखरीत. खरखर वरच्या धुळीची नव्हती, वॅक्सच्या खालची होती. या गृहस्थाने राख तशीच ठेवून वर वॅक्स चोपडलं होतं. मी तणतणत शेडवर गेलो. वर्गावर ओरडायची सवय आहेच, ती तिथे कामी आली.

खेमराजने शांतपणे पन्नी चढवली, हात फिरवला आणि म्हणाला, "चिकनं हाय सर."

मी त्याच जागी बोट ठेवलं. खरखरीत. त्याने पुन्हा फिरवलं. त्याला गुळगुळीत लागलं. मला वाटलं, हा मला बनवतोय. त्याला बहुधा वाटलं, मास्तरचं डोकं फिरलंय.

तरी त्याने जुनं वॅक्स उतरवलं आणि माझ्यासमोर सगळं पहिल्यापासून केलं. त्याच्या कामात कुठे चोरी दिसली नाही. पण अर्धं बॉनेट पुन्हा तसंच राहिलं. मी हटेना, तेव्हा त्याने वडी नकली ठरवली आणि नवी आणली. तिनेही फरक पडेना तेव्हा बोअरचं पाणी बदनाम केलं, मग मिलवाले काहीतरी भलतंच जाळतात म्हणाला. माझीही मती गुंग झाली. घरी जाऊन मी फ्रिज, स्टीलचं पातेलं, स्वतःचं टक्कल, सगळं चाचपून पाहिलं, की बिघाड माझ्याच बोटांत तर नाही? बायकोने विचारलं तेव्हा सांगायची सोय नव्हती.

तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा खेमराज स्टुलावर बसला होता. आणखी तीन गाड्या परत आल्या होत्या, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने तर यापुढे येणार नाही असं तोंडावर सांगितलं होतं. "काऊन होऊन राहिलं, मलेच समजून नाई राहिलं," तो म्हणाला. "हातच खोटा ठरला त शेड कायले ठेवू?"

तेवढ्यात त्याची बायको प्रेमिला डबा घेऊन आली. ही बाई तीस वर्षं बिड्या वळते. तेंदूचं पान किती ओलं, किती सुकं, हे तिची बोटं न बघता सांगतात. तिने आमचं रडगाणं ऐकलं, डबा खाली ठेवला आणि पन्नी न घेताच बॉनेटवर हात टेकवला. इथे राहिलंय, इथेही राहिलंय, म्हणत ती पुढे सरकत गेली. जिथे जिथे ती थांबली तिथे मलाही खरखर लागत होती. खेमराज चिडला. तू बिड्यांचं पाहा, पेंटचं तुला काय कळतं, असं बरंच काही बोलला.

तिने मलाच सांगितलं, की दोन महिन्यांपासून यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत आणि पायातली चप्पल निघून गेली तरी पत्ता लागत नाही. वयामुळे होत असेल, असं ती धरून चालली होती.

मग त्याच्यासमोर बसून तिने त्याला डोळे मिटून उजवा हात पुढे करायला लावला. तो कुरकुरला, पण त्याने केला.

"कोणतं बोट धरलं, सांगा."

खेमराज विचारात पडला. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. उत्तर येत नसलं की माझ्या वर्गातली पोरं अशीच गप्प होतात, आणि शेवटी मार चुकवायला काहीतरी ठोकून देतात.

"मधलं," तो म्हणाला.

प्रेमिलाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"आजून धरलंच नाई," ती हळूच म्हणाली.

तीन खेपा मी ज्याच्यावर तणतणत होतो तो हा माणूस. मला माझीच लाज वाटली. खेमराजने हात तसाच पुढे धरून ठेवला होता. डोळे काही तो उघडेना.