बाबांचा उजवा हात

डोणगावच्या आमच्या किराणा दुकानात बाबांचा उजवा हात नुसता पळायचा. रद्दीच्या कागदात साखर, वरून दोऱ्याचे दोन वेढे, गाठ, झाली पुडी. तोंडानं गिऱ्हाइकाशी गप्पा चालूच. मी पुण्यात फिजिओथेरपीच्या पोस्ट-ग्रॅज्युएशनला, त्यातही लकव्याच्या पेशंटवर अभ्यास, आणि पहिल्याच वर्षी बाबांच्या त्याच हाताला लकवा मारला. लोक म्हणाले, बरं झालं, घरातच डॉक्टरीण आहे. मला असा संताप आला होता!

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोटं थोडी हलत होती. मी आठवडाभर राहून आईला सगळं समजावलं. पेला उजवीकडे ठेव. सांडलं तर सांडू दे. घास त्यांचा त्यांना घेऊ दे. न वापरलेला हात मेंदू विसरून जातो, आणि सुरुवातीचे महिने गेले की फार अवघड होऊन बसतं. आई हो हो म्हणाली. मी पुण्याची ट्रॅव्हल्स पकडली.

पण आमच्याकडे आजारी माणसाला बघायला गाव लोटतं. साखरखेर्ड्याची आत्या तर मुक्कामालाच. या सगळ्यांसमोर बाबा थरथरत्या हातानं वरण सांडत जेवणार? व्हिडिओ कॉलवर रोज तेच दिसायचं. बाबा लोडाला टेकलेले, गळ्यात टॉवेल, आई भरवतेय.

"आई, काऊन भरवून राह्यली तू?"

"अवं, लोकं काय म्हणतीन? मी का मेली हाय, त्याहीले हातानं खायले लावू?"

आत्या मागून म्हणायची, सेवा करावं तं वहिनीनं! आणि बाबा हसायचे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांचे एवढे लाड करत होतं.

इकडे ओपीडीत मी पेशंटच्या बायकांना दम द्यायची. "काकू, हात मांडीखाली घ्या. बघा, पण हात लावू नका." त्या रडायच्या, मनात मला शिव्याही देत असतील, पण ऐकायच्या. त्यांच्यातल्या काहींचे नवरे हळूहळू चहाचा कप उचलायला लागले. कॉलेजच्या मॅडम माझं कौतुक करायच्या आणि मी हॉस्टेलवर येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. दोन महिने सुट्टी काढून घरी बसले असते तर? हे 'तर' अजून जात नाही.

पास झाले, पेढे घेऊन घरी आले. दुपारी जेवताना आईला म्हटलं, आज तू हात मांडीखाली घे. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी ताट बाबांच्या उजवीकडे सरकवलं, त्यांच्या आखडलेल्या मुठीवर हात ठेवला.

"बाबा, घ्या."

त्यांनी मुठीकडे बघितलं. मग आईकडे. मग माझ्याकडे वळून सवयीनं तोंड उघडलं.

आई हात काढायला लागली. "राहू दे," मी म्हटलं, भाकर वरणात कुस्करली आणि पहिला घास मीच भरवला.