टोळी निघायच्या आदल्या दिवशीची बदकं

बदकं बघायला जायची कल्पना नवऱ्याची. मला ती मुळीच पटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टोळीचा ट्रक ऊसतोडीला निघणार होता, दोन्ही लेकरं सासूबाईंजवळ ठेवायची होती, आणि लेकरांना आम्ही अजून काहीच सांगितलं नव्हतं. मागच्या सालापर्यंत त्यांना सोबत उसाच्या फडावर न्यायचो. पण थोरलीचं नाव पहिलीत घातलं, आणि तिची शाळा बुडवायची नाही असं ठरलं. धाकटा तिच्याशिवाय राहत नसे, म्हणून त्यालाही ठेवायचं.

"बदकं दाखवू, खूश व्हतील, मंग सांगू," नवरा म्हणाला.

"सांगनार कोन?" मी विचारलं. त्यावर तो चपला शोधायला लागला.

आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याच्या बागेत एक लहानसं तळं होतं. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून त्या साली कारखान्याचा बॉयलर पेटणारच नव्हता. आम्हाला थेट कर्नाटकाची वाट धरायची होती. तळ्यात मात्र बोअरचं पाणी सोडलेलं. ते बघून माझं डोकंच फिरलं. आम्ही टँकरमागे घागरी घेऊन पळायचं आणि बदकांनी आरामात पोहायचं! बागेच्या माळ्याला मी तसं ऐकवलंही.

"मचूळ हाय बाई, जनावर बी तोंड लावत न्हाई," तो म्हणाला.

तरी माझा राग उतरला नाही. खरं तर मला कुणावर तरी चिडायचंच होतं.

थोरलीने फडक्यातून काढलेली भाकरी कडक झाली होती. बदकं चोच मारून सोडून देत. मग तिने तुकडे पाण्यात बुडवून दिले, तशी सगळी कलकलाट करत आली. मोठे पांढरे हंस मात्र मान लांब करून फिसकारत काठावरच चढले, आणि धाकटा बापाच्या पायाला चिकटला. नवऱ्याने हसत त्याला खांद्यावर घेतलं. मी उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. आता सांगा म्हणून नवऱ्याला खुणावत होते. तो दर वेळी पोरांना नवंच बदक दाखवायचा.

शेवटी मनात म्हटलं, हा माणूस काही बोलायचा नाही. पोरीजवळ जाऊन बसले. तिची रिबीन उगीच सोडून परत बांधली. तोंड उघडणार, तेवढ्यात पाण्याकडे बघत तीच म्हणाली,

"आय, औंदा पट्टा कवा पडंल?"

कारखान्याचा हंगाम संपला की आमच्यात पट्टा पडला म्हणतात. तो पडल्याशिवाय टोळी घरी फिरत नाही. फडावर कंबर मोडून आली की बाया एकमेकींना हेच विचारतात. आपल्याला मागे ठेवणार हे हिला कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे.

"व्हळीच्या आसपास," मी म्हणाले. एवढंच जमलं.

तिने मान हलवली. धाकटा एव्हाना धीट होऊन खाली उतरला होता आणि मूठ मूठ भाकरी फेकत होता. तिने त्याचा हात धरला.

"बारीक बारीक टाक," ती म्हणाली. "संपली की घरी जावं लागंल."

माझ्या नि नवऱ्याच्या वाट्याची भाकरी पिशवीत होती. मी ती काढून तिच्या हातात दिली.