विचारलं तेवढंच

राजधानी सोफियातल्या मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर रायना मुताफोवा एकतीस वर्षं एकच काम करत आली होती. खासदार प्रश्न पाठवायचे, रायना उत्तर लिहायची आणि शुक्रवारी मंत्री ते संसदेत वाचून दाखवायचे. या काळात मंत्री चौदा झाले. काहींना धड वाचताही यायचं नाही, पण त्यात रायनाचा काय दोष?

तिची हातोटीच अशी, की नव्या पोरींना शिकायला तिच्याशेजारी बसवत. "विचारलं तेवढंच," ती सांगायची. "पूल तपासला का असं विचारलं, तर तपासला म्हणा, तारीख द्या आणि थांबा. पूल कसा आहे ते त्यांनी विचारलेलं नाही." खोटं म्हणाल, तर तिने एक अक्षर कधी लिहिलं नाही. पहिली वीस वर्षं तिला याचा अभिमानही होता. पुढे तोही दमला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खासदार कोंदोव यांचा प्रश्न आला. काल्चेवित्सा गावाच्या वर जे जुनं मातीचं धरण आहे, त्याच्या बांधाची तपासणी झाली आहे का आणि केव्हा?

रायनाने कागद दोनदा वाचला. काल्चेवित्सा तिचं जन्मगाव. धरणाखाली पहिलंच घर तिच्या थोरल्या बहिणीचं, फिलाचं. आणि तपासणीचा अहवाल रायनाच्याच कपाटात होता. बांध पायथ्याशी पाझरतोय, मोठ्या पावसात टिकेल याची खात्री नाही, खालची सहा घरं हलवावीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. धरण मंत्रालयाचं की नगरपालिकेचं, हे घोंगडं भिजत पडलं होतं, म्हणून अहवालही पडून होता.

ती विभागप्रमुख दोचेव यांच्याकडे गेली. "साहेब, उत्तरात पाझराचं एक वाक्य घालते."

"त्यांनी विचारलंय का?"

"नाही."

"मग? रायनाबाई, हे तर मी तुमच्याकडूनच शिकलो." दोचेव माणूस वाईट नव्हता, जांभई देत बोलत होता इतकंच. "एक वाक्य घाला, उद्या दहा प्रश्न येतात. सहा घरांना जागा कोण देणार? तुमच्या निवृत्तीला किती राहिले?"

"अकरा महिने."

"मग कशाला हा नसता ताप?"

तिने दोन ओळींचं उत्तर लिहिलं. तपासणी झाली आहे, अमुक तारखेला, नियमाप्रमाणे.

पण गुरुवारी दुपारी तिने उभ्या नोकरीत केलं नव्हतं ते केलं. ती संसदेच्या कँटीनमध्ये जाऊन कोंदोवसमोर बसली. ते आतड्यांच्या सूपमध्ये लसणाचं व्हिनेगर ओतत होते.

"साहेब, उद्या मंत्र्यांच्या उत्तरानंतर तुम्हाला बोलायला दोन मिनिटं असतात. त्यात तपासणीत काय सापडलं ते विचारा. अहवालच मागा. मागितला की द्यावा लागतो."

कोंदोवनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही तिथल्याच का, बाई?"

"हो."

"मग सरळ बोलतो. गावाने पत्र लिहिलं, मी प्रश्न विचारला. अहवाल हातात घेतला की ते लोढणं माझ्या गळ्यात. उद्या काही झालं तर लोक विचारणार, तुम्हाला माहीत होतं, तुम्ही काय केलंत?" त्यांनी पुन्हा चमचा उचलला. "माहीत नसलेलं बरं असतं."

शुक्रवारी सभागृहात पंधराएक माणसं असतील. मंत्र्यांनी दोन ओळी वाचल्या. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, उत्तराने आपण समाधानी आहात का?

"समाधानी आहे," कोंदोव म्हणाले, आभार मानून खाली बसले. रायनाने ऑफिसातला टीव्ही बंद केला. मग कपाट उघडून अहवालाची प्रत काढली आणि पर्समध्ये घातली.

शनिवारच्या पहिल्या बसने ती गावी गेली. फिला तळघरात पिंपात कोबीचे गड्डे रचत होती, कोपरापर्यंत मिठाचं पाणी.

"आलीस? बरं झालं, हाताखाली कुणीतरी हवंच होतं," फिला म्हणाली. "काल ऐकलं हो तुझ्या मंत्र्याचं. तपासणी झालीये म्हणे. मी तर थोरल्या मुलाकडे वरच्या आळीत राहायला जाणार होते, गाद्यासुद्धा बांधल्या होत्या. रात्रीच सोडल्या. आता कशाला जायचं?"

रायना खोक्यावर बसली. म्हणजे आपल्याच दोन ओळींनी गाद्या सोडवल्या होत्या. तिने पर्स मांडीवर घेतली.

"ताई, तपासणीत काय सापडलं ते विचार मला."

"हे काय बोलणं? सांगायचं तर सांग की."

"तू विचार."

फिलाने हात पुसले. "बरं, काय सापडलं?"

रायनाने अहवाल काढला आणि चारही पानं वाचली. सहा घरांचं वाक्य तिने दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर तिला मोकळं वाटलं आणि मोकळं वाटल्याची लाजही वाटली.

फिला कोबीचा गड्डा हातात घेऊन उभीच होती. "तुला हे कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"जूनमध्ये आठ दिवस पाऊस लागला होता," फिला सावकाश म्हणाली. "तेव्हा तू रोज सकाळी फोन करायचीस. पाणी कितपत चढलंय, विचारायचीस."

रायनाने चारही पानांची घडी घातली.

"मला वाटायचं, बहिणीची माया," फिला म्हणाली. तिने गड्डा पिंपाच्या काठावर ठेवला आणि गाद्या बांधायला वर गेली.