टेंभुर्णीचा चहा

आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट खोटी आहे. तेव्हा आमच्या समोर राहणारे ड्रायव्हर भाई पुण्याहून टाकीत पाळायचे मासे घेऊन येताना वाटेत चहाला थांबले, पिशवी उन्हात तापली आणि सगळे मासे मेले, अशी ती गोष्ट. मासे मेले एवढं खरं. बाकीचं मी चार वर्षं खरं राहू दिलं. आता माझं वय शहात्तर आहे. हे लिहायला बसलो की दर दहा मिनिटांनी उठतो, पाण्याच्या बॅरलवरचं झाकण उचलून बघतो आणि परत येऊन बसतो. बॅरलमध्ये बघण्यासारखं काही नसतं.

भाई जन्मभर टेम्पोवर होते. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल पुण्याला पोचवायचे. वय झाल्यावर स्टिअरिंग पुतण्याकडे गेलं तरी ते शेजारी बसून जायचेच, आणि येताना कुणी ना कुणी सांगितलेले मासे आणायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात माशांच्या तीन काचेच्या टाक्या होत्या. मासे आणण्याची त्यांची पद्धत मी कितीदा पाहिली होती. दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, उद्या त्यांना खायला घालू नका. पिशवी दुहेरी, पाणी कमी आणि हवा जास्त. पिशवीचे खालचे कोपरे रबराने बांधून घ्यायचे, म्हणजे मासा कोपऱ्यात अडकून चेंगरत नाही. मग ती ओल्या टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, आणि तो डबा पायांच्या मध्ये. सोलापूर येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. "अंधारात मासं गप बसतंय, गुरुजी," ते मला सांगायचे. "आपल्यालाच दम निघत न्हाय." मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, म्हणून त्यांच्यासाठी मी गुरुजी. त्यांच्या हातून आलेला मासा मेला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनं मासे मागितले. पुढचे दोन महिने खुर्चीत बसून भिंत बघायची नाही म्हणाली. भाईंनी मासे यायच्या तीन आठवडे आधी आमच्याकडे टाकी मांडली. चार दिवस उघडं ठेवलेलं पाणी भरलं, आपल्या टाकीतला जुना स्पंज फिल्टरमध्ये घातला आणि मशीन चालू करून दिलं. जाताना आम्हा दोघांना बजावलं, की हे पाणी आता पिकतंय, माशांना मानवेल असं होतंय, मासे येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बायको त्यानंतर ऑपरेशनसाठी गेली आणि पुढे वैरागला बहिणीकडे राहिली. घरात मी आणि ती टाकी.

पाण्याच्या दिवशी आमच्याकडे काय होतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं की घरात जेवढं साठवलेलं पाणी असेल तेवढं शिळं होतं. कालपर्यंत जपून वापरलेलं पाणी आम्ही बादल्यांनी ओतून देतो, बॅरल घासतो, माठ धुतो आणि ताजं भरतो. आईनं केलं, बायको करते, मीही करतो. यात विचार करायचा नसतो. हात आपोआप चालतात.

मासे यायचे त्या दिवशी सकाळी नळ आला. एप्रिल होता. बायको दुपारी वैरागहून घरी येणार होती आणि भाई संध्याकाळपर्यंत मासे घेऊन. मी बॅरल धुतलं, माठ धुतला, आणि पाइप हातात असतानाच माझी नजर टाकीवर गेली. तीन आठवड्यांचं पाणी. किंचित पिवळट. काचेला आतून पातळसा थर. पाहुणे यायचे आणि घरात शिळं पाणी, हे मला बघवेना. मी टाकी रिकामी केली. काच घासली. स्पंज बुळबुळीत लागला म्हणून तोही नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. मग थेट नळाचं पाणी भरलं. त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंग पावडरचा चांगला वास होता. मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की त्या पावडरनं जंतू मरतात. मला वाटलं, बरंच झालं.

बायको आली, खुर्चीत बसली, टाकीकडे बघून म्हणाली, "काच काय लखलखतेय." कौतुक होतं, घेतलं.

पाचच्या सुमारास भाई आले. डबा उघडून त्यांनी पिशवी वर काढली. सहा छोटे एंजल, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. त्यांनी टाकीचा दिवा बंद केला, पिशवी तशीच बांधलेली पाण्यावर तरंगत सोडली आणि शेजारी बसले. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार व्हायला अर्धा तास. मग पिशवीचं तोंड उघडून, टाकीतलं कपभर पाणी आत. पुन्हा दहा मिनिटं. पहिला कप भरताना ते थांबले.

"गुरुजी, पाणी तेच हाय नव्हं? मी भरलेलं?"

बायको समोर पाय लांब करून बसली होती. "तेच आहे," मी म्हणालो.

"पावडरचा वास येतोय की."

"सकाळी नळ आला होता. सगळ्या घरातच वास आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कप पिशवीत ओतला. गुरुजी म्हणतात म्हणजे तेच, एवढाच त्यांच्या मनात हिशेब असणार. का खोटं बोललो, याचं मोठं कारण माझ्याकडे नाही. हात लावू नका असं सांगितलं होतं आणि मी लावला होता. बायकोसमोर बोलणी बसली असती. आणि पाणी ते पाणी, त्यात काय एवढं, असंही वाटलं. त्यांनी सहा-सात कप घातले, दर दहा मिनिटांनी एक. मासे पिशवीतच तोंडं वर काढायला लागले होते. "दमलेत," भाई म्हणाले. मग जाळीनं एकेक उचलून टाकीत सोडला आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतून दिलं.

ते गेल्यावर मी टाकीपाशी चार वेळा जाऊन आलो. मासे वर येऊन हवा गिळत होते. हे माझ्या पाण्यामुळं होतंय, मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. भाईंचं दार वीस पावलांवर होतं. त्यांच्याकडे साठवलेल्या पाण्याची दोन पिंपं होती. मी चप्पल घातली आणि काढली.

सकाळी सहाही पाण्यावर होते, आडवे.

भाईंना बोलावलं. त्यांनी एक मासा तळहातावर घेऊन कल्ला उचलून बघितला, खूप वेळ बघितला. बायकोनं विचारलं ते रागानं नव्हे. "भाऊ, वाटेत कुठं उन्हात थांबला होतात का?"

भाईंनी आठवलं. "थांबलो होतो, वैनी. टेंभुर्णीला. चहा पिलो. टेम्पो सावलीलाच लावला होता." मग थोड्या वेळानं म्हणाले, "सावली हलली असंल."

मी जाळी हातात घेऊन मागं उभा होतो.

बायकोनं हे शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढं. कुणी भाईंना तोंडावर काही बोललं नाही, फक्त मासे आणायला सांगायचं बंद झालं. भाईंनी वर्षभरात स्वतःच्या दोन टाक्या देऊन टाकल्या. पुढं पुतण्यांनी घर विकलं आणि ते दुधनीला लेकीकडे राहायला गेले. निघताना मला म्हणाले, गुरुजी, वैनींचे मासे तेवढे माझ्या जिवाला लागून राहिले. मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवली.

यंदा उन्हाळ्याआधी बायकोनं पुन्हा टाकी काढली. बहिणीशी फोनवर बोलता बोलता ती हसून म्हणाली, "आता आणायचे, पण त्या भाऊंसारखं चहाला थांबणारं कुणी नको बाई." मी शेजारी पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला आणि तिनं फोन ठेवल्याबरोबर सांगून टाकलं. टाकी मी रिकामी केली होती, स्पंज मी धुतला होता, पाणी तेच आहे असं मी म्हणालो होतो.

ती लसूण सोलत होती. ताटातला सगळा लसूण तिनं सोलून संपवला. मग म्हणाली, "शाळेत पोरं खोटं बोलली की ओणवं उभं करायचात. तुम्ही किती वर्षं उभे राहणार होतात?"

मी म्हणालो, चुकलं.

"मला काय सांगता. मी आणले होते का मासे?" आणि लसणाची सालं गोळा करता करता, "मी त्या माणसाला काय काय बोलले. तोंडावर नाही, पण गल्लीभर."

चौथ्या दिवशी मी दुधनीच्या एसटीत होतो. मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात सहा एंजल. रिकाम्या हातानं जायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. दुकानातल्या बाईंनी पिशवी नीट बांधून दिली, ओला टॉवेल मी घरून नेला होता, आणि झाकण उघडू नका असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी वळसंगच्या आधीच उघडलं. सहा होते. अक्कलकोटला उघडलं. सहा होते. एक मला तिरका वाटला म्हणून पुढच्या खड्ड्यानंतर पुन्हा उघडलं. कंडक्टरनं विचारलं, काका, आइस्क्रीम वितळतंय का. शेजारची बाई कानडीत मुलीला काही सांगून हसली. मी डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर, तिथून सीटखाली, सीटखाली इंजिनची ऊब लागते म्हणून पुन्हा मांडीवर. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं आणि प्रत्येक स्टॉपला त्यातलं एक वाक्य गळत होतं.

भाई दारातच बसले होते. वाळले होते, पण ओळखलं. आत त्यांची उरलेली एक टाकी कोपऱ्यात होती आणि तिच्यात कांदे भरलेले होते. माझ्या हातातला डबा बघून त्यांनी आधी कांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आदी फोन करायचा की, गुरुजी. आता ह्यास्नी ठेवू कुटं?"

लेकीनं मोठा प्लास्टिकचा टब धुऊन आणला. भाईंनी तो पुन्हा नुसत्या पाण्यानं विसळायला लावला, साबणाचा अंश नको म्हणून. मग पिंपाकडे बोट करून तिला विचारलं, "पाणी कवाचं हाय?" तीन दिवसांचं, उघडंच आहे, ती म्हणाली. टब भरला. पिशवी तरंगत ठेवली. अर्ध्या तासानं तोंड उघडलं, आणि त्यांनी पहिला कप भरला.

पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. "भाई, तेव्हा तुम्ही मला हेच विचारलं होतं," मी म्हणालो. "पाणी तेच आहे का. ते तेच नव्हतं. मी सकाळी नळाचं भरलं होतं. स्पंजही धुतला होता."

कप त्यांच्या हातात राहिला. मग त्यांनी तो सावकाश पिशवीत ओतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं. मी त्या वेळात काय काय बोललो ते मला नीट सांगता येणार नाही, बहुतेक तेच तेच. दुसरा कप ओतल्यावर त्यांनी विचारलं, "वैनीस्नी ठाव हाय?"

"सांगितलं. तिनंच पाठवलं."

तिसरा कप झाला. "टेंभुर्णीचं ते हॉटेल," ते म्हणाले. "त्यानंतर टेम्पोवर होतो तवर मी वाटंत चहा पिलो न्हाय. पुतण्या उतरायचा. मी डबा नसला तरी गाडीत बसून ऱ्हायचो, सावली बघत."

मला वाटत होतं ते रागावतील. रागावले असते तर उठून जाता आलं असतं. ते घड्याळ बघत कप ओतत राहिले आणि मी बसून राहिलो.

"मला सांगून काय," शेवटी म्हणाले. "मला तर आता कळलं. गल्लीत सांगा. तितं माझ्या हातानं मेलेत ते."

माझी परतीची गाडी होती. ते उठले नाहीत. अजून तीन कप हायेत, म्हणाले, मला हलता येत न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. एक गेला, पाच फिरतायत. मी लगेच विचारलं, माझ्यामुळं का. माशाचं कोण सांगणार, म्हणाले, आणि मग, "वाटंत झाकण उघडलं व्हतं का?"

"पाच-सहा वेळा."

"हे मात्र लगीच बोललात की," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. हसत होते का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे लिहून ठेवतोय ते गल्लीसाठी, पण लिहिलेलं कोण वाचणार. म्हणून पाण्याच्या दिवशी, सगळे पाइप घेऊन दारात असतात तेव्हा, मी आधी शेजारणीकडे गेलो. तिचं बॅरल भरत होतं. म्हटलं, त्या माशांचं सांगायचंय, ड्रायव्हर भाईंच्या.

"अहो काका, चार वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. "आता कोण लक्षात ठेवतंय." आणि पाइप दुसऱ्या बादलीत टाकत म्हणाली, "ते चहाला थांबलेले ना, उन्हात?"

नाही, मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत असताना तिची बादली भरून वाहिली. मग तिनं नळाकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे. "म्हणजे तुम्ही," एवढंच म्हणाली.

एक दार झालं. गल्लीत अजून बरीच आहेत, आणि नळ जेमतेम तासभर असतो. नळ गेला की सगळे आत जातात. मी चप्पल सरळ केली आणि पुढच्या दाराकडे निघालो.