इद्दत संपल्यावर काय?

मंडळी, दुपारी ढोकीहून आलेय, पण एक बाई डोक्यातून जात नाहीय.

मी समुपदेशक आहे. मनाच्या आजाराची आमची प्रश्नावली कुठल्यातरी दूरच्या शहरात बनलेली. ती आपल्याकडच्या लोकांना लागू पडते का, हे सध्या घरोघरी जाऊन बघतेय. आज रेहानाभाभींकडे गेले होते. नवरा वारला, त्या इद्दतीत आहेत. म्हणजे विधवेनं काही महिने घरातच आणि साधं राहायचं.

"बाहेर जाणं, लोकांना भेटणं टाळता का?"

"इद्दतीत कुठं जायचं, ताई? जायचंच नसतंय."

"नटावंसं वाटत नाही?"

"ते बी चालत न्हाय."

या दोन्ही उत्तरांचे गुण आजाराच्या खात्यात पडतात. रिवाजाला आजार कसं म्हणायचं? चिडून मी दोन्ही प्रश्न खोडले. गुण उतरले आणि भाभी ठणठणीत ठरल्या. मी खूश.

दारात चप्पल घालत होते, तेवढ्यात त्या आतूनच हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात इद्दत संपतीय. मग घरात बसायला काय कारण सांगू, ताई?"

मी चप्पल काढून परत आत जाऊन बसले. प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही.

प्रश्न ठेवला तर रिवाजच आजार ठरतो, आणि खोडला तर भाभी माझ्या हातून निसटतात. तुमच्या घरी दुखवट्यात कुणी गप्प बसलं, तर ते रीत पाळतंय की आतून खचलंय, हे तुम्ही कसं ओळखता? खरंच विचारतेय, मला माहीत नाही.