एकाच बटणाचं बॅकअप

दारव्ह्याच्या मंडळीहो, आज दुपारचं सांगतो.

कापसानं यंदाबी मार दिला, लग्नं पुढं गेली अन् माह्या फोटो स्टुडिओत सन्नाटा हाय. रिकामा बसलो होतो, म्हणून बॅकअपचं नवीन सॉफ्टवेअर टाकलं.

जुन्यात एकच बटण होतं. माही बायको शटर पाडायच्या आधी ते दाबे अन् म्हणे, "बांधलं गाठोडं!" सगळ्या लग्नांचे फोटो दुसऱ्या डिस्कवर जात.

नव्यात सतरा भानगडी. रंग निवडा, वेळ निवडा. शेवटी म्हणते, तुमच्याशिवाय हे उघडू शकेल अशा माणसाचा मोबाईल नंबर टाका. त्याच्याबिगर पुढं सरकेच ना!

सवयीनं तिचाच नंबर टाकला.

त्यावर कोड गेला अन् टेबलाच्या खणात तिचा फोन वाजला. ती वारली, तरी मी तो चार्ज करून ठेवतो. अन् मान वर न करता मी म्हणालो, "पाह्य ना वं, कोणाचा मेसेज हाय."

मंग मीच खण उघडला.

नवीन काढून टाकलं, जुनं परत आणलं. बटण दाबलं. "बांधलं गाठोडं," मीच म्हणालो.

खरं सांगा, तुमच्यापाशी टाकायले दुसरा नंबर हाय ना?